पळसाचा पेला

"बिनतिखट काय हाय तुमच्याकडं?"

विजयमालानं मान वर केली. समोर खाकी शर्ट, खांद्याला बॅग, हातात तिकिटाचं मशीन आणि चेहरा असा, की आत्ता रडतो का मग. कंडक्टर होता. बोलताना ओठ इतके जपून हलवत होता की तिला हसूच फुटलं.

"तोंड आलंय?"

"आलंय न्हाई, आलं आन मुक्कामाला बसलंय. आठ दिस झालं. ढाब्यावर जे मागावं त्याच्यात मिरची. बबनराव म्हणले, भाईर त्या फुलवाल्या पोरींकडं बघ."

फुलवाल्या पोरी म्हणजे विजयमाला आणि मंगल. मांजरसुंब्याच्या चौकात, बबनरावांच्या ढाब्यासमोर, लिंबाखाली बचत गटानं माघात हे टेबल मांडलं होतं. शेवग्याच्या फुलांची भाजी, भोपळ्याच्या फुलांची भजी, हादग्याच्या फुलांचं थालीपीठ, करडईच्या पाकळ्यांचा चहा, गुलकंद, जास्वंदीचं सरबत. लोक आधी हसायचे. 'फुलं देवाला वाहायची का तोंडात घालायची?' म्हणायचे. आणि एकदा चव घेतली की दुसऱ्या खेपेला डबा घेऊन यायचे. मंगल दोन लेकरांची आई, कढई तिची. बोलायचं काम विजयमालाचं. आठ दिवसांच्या प्रशिक्षणात तिनं वही भरून काढली होती. कुठल्या फुलात काय असतं, कुणी खावं, कुणी खाऊ नये, सगळं तोंडपाठ. वय चोवीस, अंगानं शेलाटी, बोलायला फटकळ. आणि हा फटकळपणाच पुढं कसा ऐन वेळी दडी मारून बसला, तीच तर सगळी गंमत आहे.

"गुलकंद देते थंड दुधात कालवून," ती म्हणाली. "तोंडाची आग थांबंल. पोट बी साफ होईल."

"पोटाचं मी कुठं काय म्हणलो?"

"तोंड आलंय म्हंजी पोटात गडबड हाय. जेवता कवा?"

"गाडी थांबंल तवा."

"मग गुलकंद बिचारा काय करंल? आदी जेवायची येळ पाळा."

त्यानं उभ्या उभ्या पेला तोंडाला लावला. पहिल्या घोटाला डोळे मिटले, दुसऱ्याला खांदे सैल पडले. तेवढ्यात एसटीचा हॉर्न कडाडला. खिडकीतून ड्रायव्हर सोमनाथमामांचं डोकं बाहेर आलं. "चल बे! टाइम झाला!"

तो पळाला. अर्ध्यातून परत फिरला. "नाव काय तुमचं?"

"बोर्डावर वाचा की."

"बोर्डावर फुलांचीच नावं हायत!"

"मग त्यातलंच एक समजा... तुमाला पटंल ते!"

गाडी धूळ उडवत केजकडं गेली. मंगलनं कढईतून झारा काढला आणि विजयमालाकडं असं बघितलं, की विजयमालानं उगाचच टेबल पुसायला घेतलं. ते आधीच स्वच्छ होतं.

बीड–अहमदपूर गाडी रोज अकरा वीसला चौकात यायची आणि दहा मिनिटं थांबायची. दहा मिनिटं म्हणजे किती, हे विजयमालाला त्या महिन्यात कळलं. अकरापासूनच तिचं लक्ष बीडच्या रस्त्याकडं. ट्रक आला तरी मान वळायची, ट्रॅव्हल्स आली तरी वळायची. मंगल म्हणायची, "मान आखडंल गं, तेल लावून देऊ का?"

त्याचं नाव शहादेव. नांदूरघाटचा. बाप शेतकरी, घरी चार म्हशी.

"शहादेव! लई जुनं नाव हाय की हो."

"आज्याचं ठिवलंय. तुमचं?"

"विजयमाला."

"हे काय कालच निगालंय का?"

"...आज्जीचं," ती म्हणाली, आणि दोघंही असे हसले की लिंबाखालचं कुत्रं उठून बसलं.

रोज एक फूल. एके दिवशी तिनं हादग्याचं थालीपीठ पुढं केलं. "डोळ्याला चांगलं असतंय हे."

"माझ्या डोळ्याला काय झालंय?"

"काल एक म्हातारा घसा कोरडा करून तिकीट मागत व्हता. तुमचं ध्यान कुठं व्हतं?"

"ध्यान..." त्यानं थालीपीठाचा तुकडा मोडला. "ध्यान जिथं असायला पायजे तिथंच व्हतं."

झालं! तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेवग्याच्या फुलांच्या दिवशी तिनं कॅल्शियम आणि लोह सांगितलं, दिवसभर उभं राहून पाय दुखत असतील म्हणून दुप्पट वाढलं. तो म्हणाला, पाय दुखत नाहीत, दहा मिनिटं संपली की दुसरंच काहीतरी दुखतं. तिनं विचारलं, काय? तो म्हणाला, "तुमच्या वहीत बघा, त्याच्यावर कुठलं फूल हाय."

एकदा त्याच्याच गाडीतून एक पोटुशी बाई उतरली. करडईच्या चहाचा वास आवडला म्हणून मागायला लागली. विजयमालानं सरळ नाही म्हटलं. "हा चहा सांधे दुखणाऱ्याला चांगला, पर तुमाला न्हाई चालायचा ताई. पोटुशा बाईनं करडईची फुलं घ्यायची नसतेत. ही भोपळ्याच्या फुलांची भजी खावा, बाळाला बी चालतेत." त्याच दिवशी एका रिटायर गुरुजींनी तरवडाच्या फुलांचा चहा साखर उतरवतो का म्हणून विचारलं. "लोक घेतेत गुरुजी, तुमी बी घ्या. पर गोळी बंद करायची न्हाई. हे अन्न हाय, दवाखाना न्हाई."

शहादेव बाजूला उभा राहून ऐकत होता. "गिऱ्हाईक घालवताय तुमी."

"गिऱ्हाईक गेलं तर परत येतंय. माणूस गेल्यावर?"

तो नुसता बघत राहिला. हॉर्न वाजला, तो गेला, आणि तिकिटाचं मशीन टेबलावरच राहिलं! गाडी शंभर पावलं जाऊन करकचून थांबली, आणि कंडक्टर धावत परत. सोमनाथमामांनी खिडकीतून दिलेल्या शिव्या अख्ख्या चौकानं ऐकल्या. विजयमालानं मशीन त्याच्या हातात दिलं. बोटाला बोट लागलं, एवढंच. पण ते एवढंसं तिला संध्याकाळपर्यंत पुरलं.

मग फाल्गुन लागला आणि बालाघाटाचे उतार पळसानं पेटले. विजयमालानं पहाटे उठून टोपलंभर फुलं वेचली. रात्रभर पाण्यात भिजवली, सकाळी गाळली, खडीसाखर घातली. केशरी, सोनेरी, उन्हाकडं धरलं की बघत राहावं असं सरबत. उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, त्याला आपल्याकडं जुन्या बाया हेच देतात. आणि उन्हात बिनपंख्याच्या गाडीत उभं राहणाऱ्याला ह्याच्याहून काय हवं? पहिला पेला तिनं काढून झाकून ठेवला. मंगलच्या पोरानं मागितला तरी दिला नाही.

अकरा वीस. गाडी आली. शहादेव आला. तिनं पेला पुढं केला.

"वा! रंग तर लई भारी. कशाचं?"

"वळखा."

"करडईचं?"

"पळसाचं!"

ओठापर्यंत गेलेला पेला तिथंच थांबला. मग त्यानं तो दोन्ही हातांनी सावकाश टेबलावर ठेवला.

"मला... मला हे चालत न्हाई."

"कावून? अंगावर उठतंय का काय?"

"न्हाई."

"मग?"

त्यानं मंगलकडं बघितलं. भजी खाणाऱ्या चार माणसांकडं बघितलं. कान लाल झाले. "मागून सांगतो," म्हणाला, आणि चक्क वळला. हॉर्न वाजलेला नव्हता. अजून सहा मिनिटं बाकी होती. तो जाऊन रिकाम्या गाडीत बसून राहिला.

विजयमालाला काही सुचेना. हातपाय आपापली कामं करत होते, पण जीव ठिकाणावर नव्हता. महिनाभर आपल्या हातचं खाल्लं, आणि आजच काय झालं? आपण मेंढरामागची माणसं, कुणीतरी कानात काही घातलं असेल का? पण तो तर आपल्याच समाजातला, त्याच्याही घरी काल-परवापर्यंत मेंढरंच होती. मग? आपण फार पुढं गेलो का? झाकून ठेवलेला पेला बघून त्याला कळलं का, की ही पोरगी आपल्यासाठी जीव टाकायला लागली? आणि कळून तो मागं सरला का?

"लगीन ठरलं आसंल त्याचं," मंगल म्हणाली. मस्करीतच म्हणाली बिचारी. पण विजयमालानं भज्याच्या पिठात दोनदा मीठ टाकलं.

त्यानंतरचे तीन दिवस गाडीवर दुसराच कंडक्टर. पान खाणारा, जाड. शेवग्याच्या फुलांना 'पाला' म्हणाला. तीन दिवस विजयमाला रात्री कूस बदलत राहिली, आणि भरीत भर म्हणून आईनं सांगितलं, "पाडव्याला केजचे पाव्हणे यायलेत तुला बघाया. तुजा बाप बी येतोय तवर."

पाडवा पंधरा दिवसांवर होता.

चौथ्या दिवशी शहादेव आला. तिनं त्याच्या पुढं साधं पाणी ठेवलं.

"आज फूल न्हाई?"

"आमच्या हातचं चालत न्हाई ना तुमाला."

"तसं कोण म्हणलं?"

"पेला कोण ठिवून गेलतं? मी का सोमनाथमामा?"

तो कळवळला. खरंच कळवळला, तिला दिसलं ते. "बहिणीच्या सासरी गेलतो तीन दिस, तिथं बी हेच डोक्यात. विजयमाला, तसं काई न्हाई. पर ती गोष्ट अशी चौकात उभं राहून सांगायची न्हाई. एकदा तुमाला सांगितली का मग... मग ती नुसती गोष्ट राहत न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी..."

"चल बे ए शहाद्या!" हॉर्न. गाडी. धूळ.

ह्या सोमनाथमामांच्या हॉर्नला कुणीतरी चिखल भरला पाहिजे, असं तिला मनापासून वाटलं.

त्या संध्याकाळी वस्तीवर आई, दगडाबाई, चुलीपुढं भाकरी थापत होती. विजयमालानं राहवेना म्हणून विषय काढला. शहादेवचं नाव न घेता, "एक गिऱ्हाईक" म्हणून. समदं खातंय, पितंय, आणि पळसाचं सरबत म्हटलं की दोन्ही हातांनी खाली ठेवतंय.

आई खळखळून हसली. "आगं, देवक आसंल त्याचं!"

"देवक?"

"कुळाचं देवक. लग्नात मांडवाच्या मेढीला बांधतेत न्हाई का? कुणाचं आंबा, कुणाचं कळंब, कुणाचं पळस. ज्याचं जे देवक, ते त्यानं तोडायचं न्हाई, जाळायचं न्हाई, खायचं न्हाई. जुन्या वळणाची माणसं आजून पाळतेत. चांगल्या घरचं दिसतंय तुजं गिऱ्हाईक."

"मग तसं सरळ सांगायचं की!"

"देवक काय कुणी चौकात सांगत फिरतंय व्हय? सोयरीक जुळवताना सांगतेत ते. तुमचं काय, आमचं काय. एखाद्या पोरानं पोरीला आपलं देवक सांगावं, म्हंजी मागणी घातल्यावानीच की."

विजयमालाच्या हातातली फुंकणी गळून पडली. *एकदा तुमाला सांगितली का मग ती नुसती गोष्ट राहत न्हाई.* अरे देवा! म्हणजे तो मागं सरला नव्हता. तो तर लाजला होता! लाल कान, सहा मिनिटं आधी रिकाम्या गाडीत जाऊन बसणं... तिला उठून नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "देवक एक निगालं तर मातर सोयरीक न्हाई. मग ते भाऊबंदच."

चुलीसमोर बसूनही विजयमालाला गारठल्यासारखं झालं.

"आई... आपलं काय हाय?"

"माज्या माह्यारचं जांभूळ. तुमचं तुज्या बापाला ठावं."

"तुज्या लग्नात बांधलं आसंल की!"

"बांधलं व्हतं. फडक्यात गुंडाळून, मेढीला, वर. मुंडावळ्याच्या आडून मला काय दिसणार? पानं व्हती कसली तरी, एवढंच ध्यानात हाय. थोरली तू. तुज्या आदी ह्या घरात लगीन कुठं झालंय, पुन्ना बघाया?" आणि मग आईचा हातच थांबला. "पर तुजा बाप बांधावरच्या पळसाला कुऱ्हाड लावू देत न्हाई. सरपण संपलं तरी न्हाई. आता तू म्हणतीस तर... आसंल बी बाई. आन तू त्याचं सरबत करून विकलंस व्हय गं भवाने!"

बाप, हरिबा, मेंढरं घेऊन घाटनांदूरच्या शिवारात होता. तिकडं शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवतात. आठ दिवस ह्या रानात, आठ दिवस त्या. त्याचा फोन म्हणजे असून नसल्यासारखा. विजयमालानं रात्री लावला, पहाटे लावला, टेबलावरून लावला. बंद. चार्जिंग कुठल्या रानात मिळणार? पळसाचं सरबत मागणाऱ्याला ती "संपलं" म्हणायची. फुलं भिजतच घातली नव्हती. दोन दिवस शहादेव आला, उभा राहिला. तिनं काहीतरी वाढलं, त्यानं काहीतरी खाल्लं. दोघांच्याही तोंडात शब्द होता आणि कुणीच काढेना. ती विचार करायची, आत्ता ह्यानं सांगितलं आणि आपलंही पळसच निघालं तर? मग ह्याच्याकडं काय म्हणून बघायचं? नको. आधी आबांना विचारायचं, मगच ह्याला बोलू द्यायचं. पण आबांचा फोन लागेना. आणि पाडवा काही कुणासाठी थांबत नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं मंगलला सांगितलं, "आज एकटीनं सांबाळ," आणि अकरा वीसच्या गाडीत जाऊन बसली. सरळ कंडक्टरच्या मागच्या सीटवर.

शहादेव चढला, तिला बघितलं, आणि बेल मारायची विसरला. सोमनाथमामांनी आरशातून बघून स्वतःच गाडी काढली.

"कुठं?" त्यानं मशीनकडं बघत विचारलं.

"घाटनांदूर. एक अर्धं."

"कोण हाय तिकडं?"

"आबा हायत. एक गोष्ट इचारायची हाय."

"फोनवर न्हाई इचारता येत?"

"फोन लागंना. आन लागला तरी... तशी फोनवरची गोष्ट न्हाई ती."

त्यानं तिकीट फाडून दिलं. नेकनूरला गर्दी चढली, केजला उतरली, पुन्हा चढली. तो "पुढं सरका, पुढं सरका" करत गाडीभर फिरायचा आणि फिरून फिरून तिच्या सीटजवळ येऊन उभा राहायचा. अंबाजोगाईच्या पुढं गाडी निम्मी रिकामी झाली. तो आपल्या सीटवर बसला, तिच्याकडं पाठ करून. मग वळला. बॅगेचा पट्टा बोटांत पिळत, खाली बघत, एका दमात म्हणाला—

"आमचं देवक पळस हाय."

गाडी खडखडत होती. खिडकीची काच खडखडत होती. विजयमालाचं काळीज त्याच्या वरताण.

"मला कावून सांगताय?" तिनं विचारलं. ठाऊक असून विचारलं. काही गोष्टी ऐकायच्याच असतात.

"देवक कोण कोणाला सांगतंय, तुमाला ठावं न्हाई का?" आता त्यानं वर बघितलं. "त्या दिवशी पेला हातात घेतला, आन तुमी पळस म्हणला. मनात आलं, आत्ता कारण सांगितलं तर चार लोकांत, भज्याच्या वासात मागणी घातल्यासारखं व्हईल. तुमी न्हाई म्हणला असता तर? मला रोज तिथंच उतरायचं हाय. म्हणून पळालो. ...विजयमाला, मला तुमी आवडता. त्या पोटुशा बाईला चहा दिला न्हाई ना, तवापास्नं. तुमी खुशाल पळस विका, माझं काई म्हणणं न्हाई. मी फकस्त पेणार न्हाई. आता सांगा. तुमचं काय?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तेच इचाराया चाललेय."

"म्हंजी... तुमाला ठावं न्हाई?"

"न्हाई. आन आबा बांधावरचा पळस तोडू देत न्हाईत."

शहादेवचा चेहरा उतरला. एवढा उतरला, की तिला त्याचा हात धरावासा वाटला. पण गाडीत चार माणसं होती आणि आरशात सोमनाथमामा होते. तो हळूच म्हणाला, "अहमदपूरहून चार वाजता माघारी येतो. रोडला उभं राहा. जे आसंल ते... खरं सांगा मातर."

"आन एकच निगालं तर?"

घाटनांदूर आलं. ती उतरली. गाडी गेली.

विचारत विचारत ती शिवारात पोचली, तेव्हा मेंढरं वाघरात बसली होती. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. हरिबा बाभळीखाली कोकराच्या खुरातला काटा काढत होता. लेकीला बघून दचकला. "काय गं? आई बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. आबा, आपलं देवक काय?"

हरिबानं काटा काढला, कोकरू सोडून दिलं, मग लेकीकडं नीट बघितलं. उन्हात तापलेला चेहरा, सुटलेली वेणी, पायात धुळीनं माखलेल्या चपला. "हे इचाराया मांजरसुंब्याहून आलीस?"

"सांगा आदी."

"कुणी इचारलंय?"

"सांगा ना आबा!"

"त्याचं काय हाय?"

तिनं मान खाली घातली. आता लपवून काय उपयोग. "पळस."

हरिबानं मुंडाशाचं टोक सोडलं, तोंड पुसलं. विजयमालाला एक एक क्षण डोंगरासारखा झाला. शेवटी तिला राहवेना. "आपलं बी तेच हाय ना? म्हणून तर तुमी बांधावरचा तोडू देत न्हाई..."

"तो?" हरिबाला हसू आवरेना. "आगं येडे, तो तोडला तर बांध पावसात वाहून जाईल. आन उन्हाळ्यात कोकरं कुठं बांधू, तुज्या डोक्यावर? आपलं देवक उंबर हाय, उंबर!"

"उंबर?"

"उंबर. पाच पिढ्या उंबर. एक बरं हाय, उंबराचं फूल कुणाला दिसत न्हाई. न्हाईतर तू त्याचं बी सरबत करून विकलं असतंस."

विजयमाला मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. हरिबा जवळ येऊन उकिडवा बसला. कष्टानं राठ झालेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "कोण हाय पोरगा?"

"नांदूरघाटचा. एसटीत कंडक्टर हाय."

"आन केजच्या पाव्हण्यास्नी काय सांगू?"

"तुमाला जे सांगायचं ते सांगा. पर मी त्यांच्यापुढं पोह्याची बशी घेऊन बसणार न्हाई आबा."

"आसं हाय व्हय," हरिबा म्हणाला. मग त्यानं काठी उचलली. "चल. तुजी गाडी चुकंल."

चारला दोघं रस्त्याला येऊन उभे राहिले. सव्वाचार झाले. साडेचार झाले. विजयमाला दहा पावलं इकडं, दहा पावलं तिकडं करायला लागली. "उभी राहा गं, माझं डोकं फिरायलं," हरिबा म्हणाला. मग वळणावर लाल गाडी दिसली. आज बाजारचा दिवस, गाडी खचाखच भरलेली. दारातच शहादेव उभा, दांडीला धरून, अर्धा बाहेर. गाडी थांबायच्या आधीच त्याचे डोळे तिच्या तोंडावर.

त्याला खाली उतरायला वाट नव्हती. तिला वर चढायला जागा नव्हती. मध्ये टोपल्या, गाठोडी आणि दोन कोंबड्या. त्यानं नुसती मान हलवली— काय?

सगळा रस्ता ऐकेल असं विजयमाला ओरडली, "उंबर!"

खिडकीतला एक जण म्हणाला, "उंबर? ह्या गाडीला उंबर कुठं लागतंय?" आणि दाराशी टोपलं घेऊन बसलेल्या एका म्हातारीनं तिच्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि कपाळाला हात लावून हसली. "आरं मुडद्यांनो, पोरीनं देवक सांगितलंय. सरका, तिला वर घ्या."

लोक सरकले. शहादेव मात्र माणसांवरून, टोपल्यांवरून वाट काढत खाली उतरला आणि रस्त्यावर, धुळीत, हरिबाच्या पायाला हात लावला. सोमनाथमामांनी हॉर्नवर हात ठेवला आणि, काय झालं कुणास ठाऊक, वाजवला नाही.

"उठ बाबा," हरिबा म्हणाला. "पाडव्याला ये घरी. एकटा येऊ नको, बापाला आन मामाला घेऊन ये. केजच्या पाव्हण्यास्नी मी आजच निरोप धाडतो."

शहादेवला 'व्हय' म्हणायला दोनदा तोंड उघडावं लागलं. विजयमाला गाडीत चढली. म्हातारीनं तिला टोपल्याशेजारी बसायला जागा केली. तो मागून आला, तिच्याजवळ उभा राहिला आणि मशीन हातात धरून नुसता हसत राहिला.

"मांजरसुंबा," ती म्हणाली. "आन आता बेल मारा. लोक खोळंबल्यात."

त्यानं बेल मारली.